साथ आली तर लेकीला परत बोलवायचं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही कळेल. तुम्ही उदगीरजवळच्या. मुलगी ऑक्टोबरपासून जर्मनीत एमएस्सी करणार. व्हिसा झालाय, तिकीट काढायचं राहिलंय. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे पटापट मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. तेव्हापासून सासूबाईंनी एकच धरून ठेवलंय, की करोनासारखं पुन्हा काही आलं तर लेकरू परमुलखात एकटं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. यंदा तिला जाऊ द्यावं का? फ्लूची मोठी साथ आलीच तर लगेच परत बोलवावं का? आणि फ्लूवरच्या टॅमीफ्लूच्या गोळ्या आताच सोबत द्याव्यात का? मग अगदी शेवटी, जाता जाता एक ओळ लिहिलीत: "लहानपणी तिला बाळदमा होता, आता काही नाही, कधीतरी पंप घेते."

एक डॉक्टर म्हणून सांगतो, तुमच्या सगळ्या लिखाणात वजनदार ओळ तीच आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

मी लातुरात फिजिशियन आहे. २००९-१० च्या स्वाइन फ्लूच्या साथीत मी तेव्हाच्या औरंगाबादेत वॉर्डात होतो. आता दर वर्षी जून ते सप्टेंबर माझ्याकडे फिटनेस सर्टिफिकेटसाठी परदेशी निघालेली पोरं येतात. काही जर्मनी-आयर्लंडला मास्टर्ससाठी जातात, बरीचशी जॉर्जिया, किर्गिझस्तान, रशियाला एमबीबीएससाठी. माझा स्वतःचा मुलगा २०२० मध्ये जर्मनीत शिकत होता आणि त्या मार्चमध्ये मी बाप म्हणून एक मोठी चूक केली, तीही सांगणार आहे. व्हिसाचे नियम मात्र बदलत राहतात. त्या बाबतीत माझ्यापेक्षा विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसचं लेखी उत्तर खरं माना.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर असं: जाऊ द्या. साथ आली की लगेच परत बोलवायचं, हे आधीच ठरवून ठेवू नका. गोळ्यांचं उत्तर त्या पंपावर अवलंबून आहे.

आधी कावळ्यांचं. उदगीरचे कावळे मेले ते पक्ष्यांच्या फ्लूनं, एच५एन१ नं. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला कोंबड्या मेल्या होत्या, तोही बर्ड फ्लूच होता. म्हणजे मराठवाड्याला हा पाहुणा नवा नाही. पण पक्ष्यात असलेला विषाणू वेगळा आणि माणसाकडून माणसाला सहज लागणारा विषाणू वेगळा. या दोन्हींच्या मध्ये मोठी भिंत आहे, आणि एच५एन१ नं ती अजून ओलांडलेली नाही. मार्च २०२४ मध्ये तो अमेरिकेत दुभत्या गायींमध्ये सापडला, गोठ्यात आणि पोल्ट्रीत काम करणाऱ्या काही माणसांनाही लागला, म्हणून जगभरातले शास्त्रज्ञ डोळ्यांत तेल घालून बसलेत. ते बसलेत हे बरंच आहे. पण त्यावरून "यंदा नको, पुढच्या वर्षी" असा हिशेब निघत नाही. फ्लूच्या मोठ्या जागतिक साथी आल्या १९१८, १९५७, १९६८ आणि २००९ साली. मधलं अंतर बघा: ३९ वर्षं, मग ११, मग ४१. यात पंचांग कुठं बसवणार? पुढच्या वर्षी पाठवलंत तरी धोका तेवढाच राहणार, पोरीचं एक वर्ष मात्र जाणार.

तरी सासूबाईंची भीती मी हसण्यावारी नेत नाही. त्यांच्या आजी-पणजीनं मानमोडीच्या गोष्टी सांगितलेल्या असणार. १९१८ च्या फ्लूला आपल्याकडे मानमोडी म्हणत. एका घरातून सकाळी एक, संध्याकाळी दुसरा उचलला, असं ऐकलेले म्हातारे मी लहानपणी पाहिलेत. त्या साथीची विचित्र गोष्ट अशी, की ती कर्त्या वयाच्या माणसांवर, विशी ते चाळिशीतल्यांवर जास्त तुटून पडली. नेहमीच्या फ्लूत मरणारे बहुतेक ६५ च्या वरचे असतात. २००९ मध्ये उलटं झालं. जगभरातल्या मृत्यूंपैकी अंदाजे ८० टक्के ६५ च्या आतले होते. म्हाताऱ्यांच्या अंगात जुन्या, मिळत्याजुळत्या विषाणूंची थोडी ओळख शिल्लक होती, तरण्यांच्या नव्हती. त्यामुळे "तरणं पोर आहे, काय होतंय" हे वाक्य साध्या फ्लूत चालतं, साथीच्या फ्लूत त्यावर विसंबू नये. बहुतेक पोरं चार-पाच दिवस फणफणून बरी होतातच. पण जी थोडी बिघडतात ती तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान, आणि फार झपाट्यानं.

त्या वॉर्डातली दोन पोरं अजून डोळ्यांसमोर आहेत. दोघंही बावीस-तेवीसची, एकाच आठवड्यात आलेली. पहिला बीड जिल्ह्यातला, इंजिनिअरिंगचा. कॉलेजला सुट्टी दिल्यामुळे त्याचे रूमवाले गावी निघून गेले होते. यानं ताप अंगावर काढला. चार दिवस बिस्किटं आणि पाण्यावर. पाचव्या दिवशी डबेवाल्या मावशींनी पाहिलं की कालचा डबा दाराबाहेर तसाच आहे, म्हणून दार वाजवलं. आला तेव्हा नखं निळी होती, वाक्य एका दमात पुरं होत नव्हतं. वाचला, पण दोन आठवडे ऑक्सिजनवर काढून. दुसरा येमेनचा, औरंगाबादच्या विद्यापीठात शिकायला आलेला. मराठी येत नाही, हिंदी तोडकीमोडकी, घर समुद्रापार. त्याला दोन मित्रांनी दुसऱ्याच दिवशी आणलं. एकाच्या हातात मेसच्या कुपनाचा मागचा भाग होता, त्यावर दर सहा तासांचा ताप लिहिलेला, शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा मारलेल्या. रेघा कशाला, तर बोटानं छाती दाखवून म्हणाला, "इसके बाद साँस तेज." गोळ्या वेळेत सुरू झाल्या आणि चौथ्या दिवशी तो चालत गेला.

परदेशी कोण होता आणि एकटा कोण होता, हे त्या आठवड्यात मला उलटं दिसलं. पोरांचं सर्टिफिकेट लिहिताना मी पहिला प्रश्न विचारतो तो यामुळेच: तिथं तुझ्या खोलीचं दार कोण वाजवणार?

आता माझी चूक. मार्च २०२० चा दुसरा आठवडा. बातम्या बघून घरात रडारड सुरू झाली आणि मी मुलाला फोन करून सांगितलं, निघ. १९ मार्चचं तिकीट काढलं. खोलीचा करार महिनाअखेरीस संपतच होता. म्हटलं कशाला फुकटचं भाडं भरायचं, देऊन टाक. त्यानं खोली सोडली, चावी दिली, भांडीकुंडी वाटून टाकली. आणि भारत सरकारनं १८ मार्चपासून युरोपातून येणाऱ्या प्रवाशांना बंदी केली. २२ तारखेपासून तर सगळीच आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबली. माझं पोर दोन बॅगा घेऊन, ना इकडचं ना तिकडचं. एका तेलुगू मित्राच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून त्यानं सहा आठवडे काढले. करारात पाहुणा ठेवायला परवानगी नव्हती, त्यामुळे घरमालकीण आली की हा जिन्यात जाऊन बसायचा. तिकिटाचे पैसे एजंटाकडून निघायला वर्ष लागलं. अडकलेल्यांना परत आणणारी सरकारची 'वंदे भारत' विमानं ७ मेपासून सुरू झाली, तोवर यानं दुसरी खोली घेतली होती आणि यायचं नाही म्हणाला. त्याचंच बरोबर होतं. तो नुसता जागेवर राहिला असता तर त्याचं काहीच अडलं नसतं. मी डॉक्टर, साथीचा अनुभव गाठीशी, तरी बाप म्हणून घाबरलो की डॉक्टर कोपऱ्यात जाऊन बसतो.

म्हणून माझं मत असं झालंय, की शिकायला गेलेल्या मुलानं आहे तिथं राहणं हा पाया धरावा आणि परत येण्याला ठोस कारण लागावं. यामागं वैद्यकीय तर्कही आहे. फ्लू करोनापेक्षा वेगानं हातपाय पसरतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण दोन दिवस, जास्तीत जास्त चार. आणि लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. तुम्ही बातमी ऐकून, तिकीट शोधून, पोरीला विमानात बसवेपर्यंत साथ बहुधा आपल्याकडेही पोचलेली असते. २००९ मध्ये एप्रिलअखेर मेक्सिकोची बातमी आली, मेच्या मध्यात हैदराबादला पहिला रुग्ण सापडला, तोही अमेरिकेहून आलेला प्रवासी. ३ ऑगस्टला पुण्यात पहिला मृत्यू झाला, चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. म्हणजे घरी बोलावून तुम्ही तिला साथीतून बाहेर काढत नाही. गर्दीच्या विमानतळांवरून नेऊन त्याच साथीत दुसऱ्या दारानं आणता. आणि त्या दाराशी कोण बसलंय? हैदराबादला उतरून गाडीनं उदगीरला आली, की पहिली मिठी आजीला. तुमच्या सासूबाईंना साखर आहे असं तुम्हीच लिहिलंय.

देशोदेशीचे नियमही मध्येच आडवे येतात. २०२० मध्ये जे विद्यार्थी सुट्टीला म्हणून चीनहून घरी आले, त्यांना परतीचा व्हिसा मिळायला २०२२ चा ऑगस्ट उजाडला. ऑस्ट्रेलियानं मार्च २०२० मध्ये दार लावलं ते परदेशी विद्यार्थ्यांसाठी डिसेंबर २०२१ मध्ये उघडलं. अमेरिकेनं ६ जुलै २०२० ला सांगितलं की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन आहेत त्यांनी देश सोडावा, आणि आठ दिवसांत आदेश मागंही घेतला. त्या आठ दिवसांत घाईनं तिकीट काढलेल्यांचं काय झालं असेल ते बघा. आणि २००९ मध्ये तर कॅनडाहून चीनला शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला, कुणी आजारी नसताना, हॉटेलात कोंडून ठेवलं होतं. घाबरलेलं सरकार बाहेरच्या माणसाकडे आधी बघतं. त्यामुळे पोरीचे कागद, राहण्याचा परवाना, पत्त्याची नोंद हे सगळं शांत दिवसांत चोख असू द्या. लातूर-नांदेडहून एमबीबीएसला बाहेर गेलेल्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी आहे. नॅशनल मेडिकल कमिशन ऑनलाइन झालेलं वैद्यकीय शिक्षण सहजासहजी मानत नाही, म्हणून त्यांनी घरी बसून वर्गांना हजेरी लावणं म्हणजे पुढं कपाळावर हात मारून घेणं. तुमच्या मुलीला तो प्रश्न नाही.

परत यायचं ठोस कारण कोणतं, हेही सांगतो, नाहीतर म्हणाल डॉक्टर हट्टी आहे. एक म्हणजे राहायची जागाच जाणार असेल. अमेरिकेत हार्वर्डनं १० मार्च २०२० ला विद्यार्थ्यांना सांगितलं की १५ पर्यंत खोल्या रिकाम्या करा. अशी वेळ आली आणि दुसरी सोय नसेल तर सीमा उघड्या असताना निघावं. दुसरं, वर्ग घरून चालतील आणि व्हिसाला धक्का लागणार नाही, असं विद्यापीठानं लेखी दिलं, आणि ती मनानं खचली असेल तर. मन खचणं हे कारण मी मुद्दाम धरतो. तिकडे नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, आणि आपल्या ऊन खाऊन वाढलेल्या पोरांना एरवीही ते जड जातं. आणि यायचंच ठरलं तर माझ्यासारखं करू नका. इकडे पाय टेकेपर्यंत तिकडची चावी सोडायची नाही. महिन्याचं भाडं वाया गेलं तर जाऊ द्या.

पैशाचा एक खाचखळगा पालकांच्या लक्षात येत नाही. जर्मनीसाठी तुम्ही ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी लागणाऱ्या राखीव खात्यात, पैसे भरले असतील, सध्या वर्षाचे ११,९०४ युरो. ते खातं महिन्याला ९९२ युरोच हातात देतं. अडचणीच्या वेळी एकदम तिकीट काढायचं म्हटलं, दुप्पट भाड्याची खोली घ्यायची म्हटलं, तर पैसा दिसतो पण निघत नाही. वर साथीत पहिली गदा येते ती हॉटेलात, कॅफेत पोरं करतात त्या कामांवर. म्हणून एकेरी तिकीट आणि दोन महिन्यांचा खर्च एवढी रक्कम वेगळी, लगेच निघेल अशी ठेवा. जमत नसेल तर निदान ती कुठून उभी राहील, हे घरात बोलून ठेवा. सोयाबीनचे पैसे येईपर्यंत थांबा, असं साथीत म्हणता येत नाही.

आता गोळ्या. टॅमीफ्लू म्हणजे ओसेल्टामिव्हिर. ती फ्लूवर चालते, पण लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केली तरच तिचा खरा गुण दिसतो. मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस. धडधाकट मुलांना मी ती सहसा बांधून देत नाही. माझा अनुभव असा, की सोबत दिली की पहिल्याच सर्दीला उघडली जाते, दोन दिवस घेऊन बंद केली जाते, आणि खरी वेळ येते तेव्हा पाकिटात तीनच उरलेल्या असतात. शिवाय जर्मनीत ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते आणि तुमच्या मुलीचा तिकडचा आरोग्य विमा असणारच, तो विद्यार्थ्यांना सक्तीचाच आहे. पण दमा असलेल्या मुलीसाठी माझं उत्तर बदलू शकतं. साथीत तिकडचे डॉक्टर दोन दिवस भेटले नाहीत तर तिचं नुकसान इतरांपेक्षा जास्त. अशा वेळी एक पूर्ण कोर्स, माझ्या चिठ्ठीसह, औषधाचं मूळ नाव लिहून, "डॉक्टरशी फोनवर बोलल्याशिवाय उघडायचं नाही" अशा अटीवर मी दिलेला आहे. झानामिव्हिर नावाचं श्वासातून ओढायचं दुसरं औषध असतं, ते मात्र दमेकऱ्यांना देत नाहीत. हे तिला माहीत असू द्या.

"कधीतरी पंप घेते." ताई, या कधीतरीनं मला कोड्यात टाकलंय. महिन्यातून कधी? रात्री खोकून उठते का? उदगीरच्या कोरड्या हवेत ज्यांचा दमा झोपलेला असतो, त्यांचा तिकडच्या थंडीत, बंद खिडक्यांच्या खोलीत आणि वसंतातल्या परागकणांत उठतो. दर वर्षी अशी एक-दोन पोरं मला फेब्रुवारीत व्हिडिओ कॉल करतात. फ्लू हा दमा उठवणारा मोठा खलनायक. म्हणून जाण्याआधी तिची फुंकर-तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. गरज निघाली तर रोजचा पंप सुरू करून जाऊ द्या, नुसता दम लागल्यावर ओढायचा निळा पंप, सालब्युटामॉल, खिशात ठेवून नव्हे. तिकडे सालब्युटामॉलही चिठ्ठीशिवाय मिळत नाही, तेव्हा पोचल्यावर महिनाभरात घराजवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवून चिठ्ठी करून घ्यायची. आजारी नसताना. आजारी पडल्यावर नवीन रुग्ण घेत नाही म्हणणारे दवाखाने तिकडेही आहेतच.

तापासाठी तिला पॅरासिटामॉल बरं. तिकडे बहुतेक ५०० ची मिळते, आपल्याकडे ६५० ची सवय, म्हणून आकडा वाचून घ्यायची. आणि आपल्या "सर्दीच्या गोळ्या" नेल्यात तर त्यातही पॅरासिटामॉल असतं हे विसरू नका, नकळत दुप्पट होतं. आयबुप्रोफेन तिकडे कुठल्याही औषधाच्या दुकानात हातावर ठेवतात, पण काही दमेकऱ्यांना त्यानं दमा उठतो. पूर्वी कधी त्रास झाला असेल तर नकोच. अँटिबायोटिकचं पाकीट मात्र मी देत नाही, कितीही गळ घातली तरी. फ्लूवर त्याचा उपयोग शून्य.

लस जरूर घ्यायला लावा. इकडे घाईनं टोचण्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडेच घ्यावी. तिथला हंगाम हिवाळ्यात असतो आणि त्या हंगामाची लस तेव्हा बाजारात आलेली असते. दमा असल्यामुळे ती तिकडच्या शिफारशीच्या यादीत बसते. साथीचा विषाणू नवाच असेल तर ही लस त्याला अडवणार नाही, हे खरं. नव्या विषाणूची लस तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात. २००९ मध्ये एप्रिलात विषाणू कळला आणि लस यायला शरद ऋतू उजाडला. पण नेहमीचा फ्लू टळला तर साथीच्या गोंधळात "हे ते आहे की काय" ही एक धास्ती कमी होते, आणि दमेकऱ्याला प्रत्येक टळलेला फ्लू हा फायदाच.

आता खोलीचं. दार कोण वाजवणार हे पहिल्या महिन्यातच ठरू द्या. मराठीच पाहिजे असं नाही, तमिळ, नायजेरियन, कुणीही. दोघींनी ठरवायचं: तू आजारी पडलीस तर मी दिवसातून दोनदा येणार, खाणं दाराशी ठेवणार, तुझ्याकडून तीन आकडे घेणार. ताप, ऑक्सिजन आणि मिनिटाला श्वास किती. थर्मामीटर आणि बोटाचा ऑक्सिमीटर इकडूनच न्या, स्वस्त पडतात. नखांना नेलपॉलिश असेल तर ऑक्सिमीटर चुकीचं दाखवतो, एका पोरीनं मला असंच रात्री दोनला उठवलं होतं. ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली, बोलताना धाप, छातीत दुखणं, बरळणं, दिवसभर लघवी नाही, किंवा ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला, यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही, तिकडचा तातडीचा नंबर ११२ लावायचा. ताप आहे पण जेवतेय-बोलतेय, नुसता डॉक्टरचा सल्ला हवाय, तर ११६११७. हे दोन नंबर कागदावर लिहून दारामागे चिकटवायचे. मोबाइलची बॅटरी तापातच संपते. ताप औषधाशिवाय २४ तास उतरलेला राहिला की मगच वर्गात जायचं. परीक्षा बुडणार असेल तर त्याच दिवशी डॉक्टरचा दाखला घ्यायचा. तिकडे आठवड्यानं दिलेल्या दाखल्याला कुणी विचारत नाही.

रविवारी तिकडे दुकानं बंद असतात. ही गोष्ट आपल्या पोरांना पहिल्याच रविवारी उपाशी राहून कळते. जर्मन सरकार आपल्याच नागरिकांना शक्यतो दहा दिवसांचा शिधा घरात ठेवा म्हणून सांगतं. आपल्याला ते नवीन नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातुरातल्या प्रत्येक घरानं घागर-घागर हिशेब केलाय. तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, मीठ-साखर-पाण्याच्या पुड्या एवढं तिच्या कपाटात कायम असू द्या. तूप मात्र बॅगेत भरू नका. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. मागच्या खेपेला एका आजीचं दोन किलो लोणकढं गेलं, त्या अजून माझ्यावर रुसलेल्या आहेत, आधी का नाही सांगितलं म्हणून.

शेवटी तुमचं स्वतःचं. साथीत पोराला आजारापेक्षा घरच्या फोनांनी जास्त दमलेलं मी पाहिलंय. मामा वेगळं सांगतो, आत्या वेगळं, भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी विमानतळाचा जुना व्हिडिओ टाकतं. तुमच्या घरातून एकच माणूस तिच्याशी निर्णयाचं बोलेल, असं आत्ताच ठरवा. ठरलेली वेळ ठेवा. बाकीच्यांनी गप्पा माराव्यात. विद्यापीठाचा मेल काय म्हणतो हे तिला आधी विचारायचं, टीव्ही काय म्हणतो ते नंतर. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तिची विद्यार्थी म्हणून नोंद पोचल्या आठवड्यात करा. अडचणीत दूतावासाला तिचं नाव आणि पत्ता आधीच माहीत असणं, याचा उपयोग मी इतरांच्या बाबतीत पाहिलाय. माझ्या मुलाची ती नोंद नव्हती, हीही माझीच चूक.

सासूबाईंना एवढं सांगा, की मानमोडीच्या वेळी ना ऑक्सिजन होता, ना गोळी, ना लस. आणि मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवायचं, नीट शिजवलेली कोंबडी खायला हरकत नाही. त्यांचा खरा प्रश्न बहुधा हाच असणार.

राहिला गोळ्यांचा निकाल. तिच्या पंपावर आतल्या औषधाचं जे नाव छापलंय ते कळवा, कंपनीचं नको. डबीवर आकडा असेल तर किती डोस उरलेत ते बघा. आणि शेवटचा दम केव्हा लागला होता ते तिलाच विचारा, तुम्ही सांगू नका. आयांना नेहमी दोन वर्षं कमी आठवतात. एवढं कळलं की तिकिटाच्या आधी सांगतो.